टपावरचा डबा आणि मागच्याचा हॉर्न

१९६७ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘ड्यूक ऑफ अल्कांटारा’ नावाचं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन हरवलं. १७३२ मध्ये घडवलेलं हे वाद्य तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं. एका वादकाला वाजवायला दिलेलं. ते टपावर विसरून त्यानं गाडी काढली की गाडीतून चोरीला गेलं, हे त्यालाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. १९९४ मध्ये ते दुरुस्तीला आलं तेव्हा ओळखू आलं आणि पुढच्या वर्षी तडजोडीनं विद्यापीठाकडे परतलं.

भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक असलेल्या मामांनी हा किस्सा सांगितला, तेव्हा पुणे-सातारा रस्त्यावर नेहमी गाडी चालवणाऱ्या भाचीला काळजी पडली ती मागच्या गाडीवाल्याची.

“त्याला टपावरची पेटी दिसली असती, तर हॉर्न मारायचा का?”

“मारायचा. त्यात विचार कसला?”

“मामा, हॉर्न ऐकून पुढचा दचकणार, करकचून ब्रेक दाबणार आणि पेटी बॉनेटवरून रस्त्यावर. इतका वेळ टिकलेली वस्तू माझ्या भलेपणानं पडली! गप्प बसले असते, तर पाप त्याचं होतं.”

मामांनी कागद ओढला आणि व्हायोलिनऐवजी टपावर जेवणाचा डबा ठेवला. स्टीलचा, भरलेला, सव्वा किलोचा. पत्र्यावरचं घर्षण ढोबळमानानं वजनाच्या तीस टक्के धरलं, तर पावणेचारशे ग्रॅमपर्यंतचा रेटा तो सोसतो. ताशी ६० किलोमीटरला वारा त्याला जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमनं रेटतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट. ८० लाच तो पाचशेच्या घरात जातो आणि डबा मागे सरकतो.

“मग चारशे ग्रॅमचा रिकामा डबा चाळिशीतच जाईल.”

“जाईल. चपटा मोबाइल मात्र बराच तग धरेल. पत्र्याला चिकटलेला हवेचा पातळ थर जवळपास गाडीबरोबरच चालतो. मोबाइल त्या थरात लपतो, डब्याचं डोकं वर वाऱ्यात असतं.”

“आणि ब्रेक?”

करकचून ब्रेक लागला, तर डबा स्वतःच्या वजनाच्या साधारण सत्तर टक्के जोरानं पुढे जाऊ पाहतो. वारा त्याला मागे ढकलतो, पण तेवढं पुरत नाही. हलक्या ब्रेकला मात्र गंमत होते: पुढचा जोर आणि मागचा वारा एकमेकांना खातात आणि डबा आणखी निर्धास्त बसतो.

“म्हणजे सगळी भानगड हॉर्नची,” भाची म्हणाली. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केलं, तरी हात आधी तिथंच जातो. “मग गप्प बसणंच बरं नाही का?”

“अगं, टपावर आहे तोवर डबा त्याचा. पडला की मागच्या दुचाकीवाल्याच्या कपाळात. तुझ्या पापपुण्याच्या हिशोबात तो कुठं आहे?”

याला भाचीकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “शेजारच्या लेनमधून हात केला, तरी तो दचकू शकतो.”

“शकतो ना. म्हणून आधी आरशात बघ, त्याच्या मागं कोण आहे ते. जागा मोकळी असली की बरोबरीनं जा. शेजारी बसलेल्यानं काच खाली करून टपाकडे बोट दाखवायचं आणि तळवा खाली करून ‘हळू’ म्हणायचं. एवढं करूनही डबा पडला, तर पडू दे. भाजी-पोळीच जाईल.”