रास आणि पडझड

साडू इक्वेडोरची सहल करून आले आणि मोबाइलमधले फोटो दाखवायला बसले. एका फोटोवर अंगठा थांबवून म्हणाले, "डोंगर असावा तर असा. नाहीतर आपला सह्याद्री, नुसती पडझड!" फोटो कोतोपाक्सी ज्वालामुखीचा होता. मी चहाचा कप खाली ठेवला. ज्या घाटवाटांवर मी उमेदीची वर्षं ढोपरं फोडून घेतली, त्यांना हे पडझड म्हणतात. नात्याचा मान राखून मी गप्प बसलो, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना.

कोतोपाक्सी देखणा आहे, यात वाद नाही. विषुववृत्त अंशभराच्याही आत, उंची ५,८९७ मीटर, माथ्यावर हिमनद्या, चारी बाजूंना सारखा उतार. एवढं तर कुठल्याही सहलीच्या पत्रकात सापडतं. माझं म्हणणं वेगळं होतं. डोंगर दोन जातींचे असतात: रास घातलेले आणि कोरून उरलेले. आपल्याकडे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबलचक भेगांमधून पातळ लाव्हा आला आणि थरावर थर पसरत गेला. त्याचा सुळका होणार कुठून? झालं ते पठार, आणि पावसाने ते कापत आणलं. कळसूबाई उभी राहिलेली नाही, आजूबाजूचं वाहून गेलं म्हणून ती मागे उरली आहे. हे कोरीव काम. रास काय, कोणीही घालतं.

पुरावे जमवायला बसलो, तर पहिलाच मोठा माणूस साडूंच्या बाजूचा निघाला. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ साली तिथे गेला होता आणि अँडीजच्या प्रचंड शिखरांमध्ये सर्वांत सुंदर, सर्वांत रेखीव म्हणून त्याने कोतोपाक्सीचंच नाव घेतलं. हुम्बोल्टशी भांडण म्हणजे माझ्यासारख्याने हत्तीशी शर्यत लावण्यासारखं आहे. तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. जमिनीचे बारीकसारीक उंचसखल भाग बर्फाच्या थराखाली झाकले जातात, हेही त्यानेच नोंदवलं आहे. म्हणजे निम्मा रेखीवपणा गिलाव्याचा!

रासेवरून पंढरपूरची कुंकवाची दुकानं आठवली. परातीत लालभडक सुळके उभे असतात. लहानपणी मला त्यांत बोट खुपसायची अनावर इच्छा व्हायची आणि आजी हात धरून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की दुकानदार कडेचं कुंकू काढून घेतो, सुळक्याला खिंडार पडतं. मग तो वरून, अगदी टोकावर, मूठभर कुंकू सोडतो. ते ओघळतं, खिंडारात बसतं, सुळका पुन्हा साबूत. दुकानदाराने आकार दिलेलाच नसतो, त्याने फक्त मधोमध ओतलेलं असतं. सुट्या कणांची रास साधारण तीस-पस्तीस अंशांपेक्षा जास्त उतार धरत नाही, बाकी सगळं घसरणच करते.

कोतोपाक्सीचं दुकान असंच चालतं. मधोमध तोंड, त्यातून कधी राख आणि दगड, कधी आपल्या बेसॉल्टपेक्षा चिकट लाव्हा. तो फार लांब जात नाही, पण सुट्या राखेला बांधून ठेवतो. आणि खिंडार? सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी, गिझाचे पिरॅमिड उभे राहत होते त्या सुमारास, या डोंगराची एक बाजू ढासळली होती. आज फोटोत ती दिसत नाही, कारण त्यानंतर वरून ओतणं थांबलेलंच नाही. अमेरिकेतला सेंट हेलेन्सही असाच रेखीव होता. १८ मे १९८० रोजी त्याची उत्तरेची बाजू घसरली आणि डोंगर चारशे मीटरनी बुटका झाला.

म्हणजे सारखा उतार हे शांतपणाचं लक्षण नाही. उतार सारखा आहे, याचा अर्थ अलीकडेच ओतलं गेलं आहे आणि झिजायला सवड मिळालेली नाही. २६ जून १८७७ रोजी कोतोपाक्सी दुधासारखा उतू गेला. तापलेला लोंढा चारी अंगांनी बर्फावरून खाली आला, बर्फ वितळलं, पाणी, राख आणि दगड यांचा रबडा नद्यांमध्ये उतरला. अशा लोंढ्याला 'लाहार' म्हणतात, शब्द मूळचा जावा बेटावरचा. दक्षिणेला लाताकुंगा शहर त्याने उद्ध्वस्त केलं. १७४२ आणि १७६८ मध्येही त्या शहराने हेच भोगलं होतं, तरी लोकांनी ते दर वेळी तिथेच पुन्हा बांधलं. उत्तरेला लोंढा तीनशे किलोमीटर धावून साधारण अठरा तासांत पॅसिफिकला मिळाला. साडूंना जी बर्फाची टोपी एवढी आवडली, तीच दारूगोळा निघाली. आता ती आटते आहे. गेल्या पन्नास वर्षांत जवळपास निम्मी झाली.

इथपर्यंत मी जिंकत होतो. मग गाडी अडली ती माझ्याच शब्दावर. कोरीव म्हणायचं तर कोरणारा कोण? पाऊस. सह्याद्रीचे कडे, नाळी, सुळके या सगळ्यांत लाव्हाची करणी किती? दगड त्याचा, आकार दुसऱ्याचा. सह्याद्रीच्या तोंडावरून वाचता येतो तो पावसाळ्यांचा इतिहास. कोतोपाक्सी मात्र त्याने स्वतः जे केलं तेच दाखवतो. आपण देवळात घडवलेल्या मूर्तीपेक्षा स्वयंभू दगडाला मान देतो, आणि तो दगड बहुधा ओबडधोबड असतो. इथे स्वयंभू रेखीव आहे आणि घडवलेला ओबडधोबड. मग 'रास काय, कोणीही घालतं' हे मी कोणत्या तोंडाने म्हणालो? आणि पडझड हा शब्द तर, बघायला गेलं तर, शास्त्राला धरूनच आहे. माझा राग त्यातल्या 'नुसती'वर होता. तो अजून आहे.

साडूंना फोन करून शब्द मान्य असल्याचं कळवलं. ते गोंधळले, स्वतःचं वाक्य त्यांना आठवतच नव्हतं. मग मी विचारलं, दक्षिणेच्या बाजूने काढलेला एखादा फोटो आहे का? तिथे उतारावर मोरुर्कु नावाचा एक वेडावाकडा खडक आहे, जुन्या, झिजलेल्या ज्वालामुखीचा अवशेष. त्या बाजूने पाहिलं की सगळी सममिती मोडते. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली साडूंची ओळ: "हा दाखवला नव्हता. मधे तो दगड आल्यामुळे खराब झालाय."