सद्धेतु पुरेसा आहे काय?

दि. ३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील कापसी-कोपरी गांवीं १२ बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजीं हातांस लावावयाचें सॅनिटायझर पाजण्यांत आलें; त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. हेतु तर रक्षणाचा होता. मग उणें कोठें पडलें? बालकास बाटलीवरील अक्षर वाचतां येत नाहीं. तें विश्वासानें तोंड उघडतें. म्हणून वाचण्याचें ऋण आपणांवर आहे, असें आम्हांस वाटतें. आमच्या जालना जिल्ह्यांतील अंगणवाड्यांतहि जंताची गोळी देतांना हेंच ध्यानांत धरावें: एक ते दोन वर्षांच्या मुलास अर्धी, त्याहून मोठ्यास पूर्ण, लहानांस चुरून, आजारी मुलास त्या दिवशीं मुळींच नाहीं. प्रिय बंधुभगिनींनो, न पाहतां देणारी प्रीति अपुरी होय. आणि चूक घडलीच, तर लाज सोडून ती तत्काळ सांगणें, हीहि प्रीतीच होय.