शोधकाची शुद्धी

ज्या साधनाने मळ दूर होतो ते साधन स्वतः मलिन होते की नाही, आणि होत असल्यास त्याचे क्षालन हे धर्मकृत्यात मोडते की केवळ घरकामात, हा प्रश्न कोणा धर्मसभेपुढे आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु शौचकूपाच्या कोपऱ्यात उभा असलेला ब्रश धुताना तो मला वारंवार पडला आहे, आणि विचाराअंती तो क्षुद्र वाटेनासा झाला आहे.

१९५५ साली सोव्हिएत सहकार्याचा करार होऊन भिलाईस पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, तेव्हा जी मराठी कुटुंबे विदर्भातून या वसाहतीत आली त्यांनी आपले कुळाचारही बरोबर आणले. अश्विन अमावास्येस नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याचा शिरस्ता येथील सेक्टरांतल्या क्वार्टरांतून आजही पाळला जातो. घराची धूळ काढणारी केरसुणी लक्ष्मी ठरते; त्याच घरातील अधिक दुःसह मळ काढणारा ब्रश मात्र पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून टाकीच्या आड लपविला जातो. त्याचीही पूजा व्हावी असा माझा आग्रह नाही. पण दोहोंच्या कर्मात प्रकारभेद नसता प्रतिष्ठेत एवढे अंतर का, हे धर्माचे नाव घेणाऱ्याने स्वतःस विचारले पाहिजे.

द्रव्यशुद्धीविषयी आपल्या शास्त्रकारांनी केलेला विचार बारीक आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांब्याला आम्ल, राख आणि पाणी, मातीच्या भांड्याला पुन्हा भट्टी, अशी पदार्थागणिक तजवीज सांगितली आहे. कारागिराचा हात सदैव शुद्ध असतो असेही तेथेच म्हटले आहे. आणि देहधारी माणसाला शुद्ध करणारी जी बारा तत्त्वे मोजली आहेत त्यांत जल, वायू, सूर्य आणि काल यांच्या पंक्तीला कर्मही बसविले आहे. टीकाकार येथे कर्म म्हणजे यज्ञादी विधी असा अर्थ घेतात. मला तो संकोच मान्य नाही. ज्या श्रमाने दहा माणसांचे आरोग्य राखले जाते त्या श्रमाला शुद्धिकर न मानता केवळ आहुतीला तसे मानणे हे न्यायाला धरून नाही.

परंतु याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची वस्ती गावाबाहेर असावी असा हुकूम आहे, आणि ही गोष्ट झाकून पाचव्या अध्यायाची थोरवी गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याने कारूचा हात शुद्ध म्हटला त्यानेच काही माणसांचा स्पर्श जन्मभरासाठी अशुद्ध ठरविला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले आणि दहनाचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, त्यामागील संताप मला पूर्णतः रास्त वाटतो. मळ ही वस्तूची तात्पुरती अवस्था आहे, ती पाण्याने पालटते. तिला माणसाचा स्वभाव ठरविणे, आणि तोही पिढीजात, हा विचारातलाच मूलभूत दोष होय.

ब्रशाकडेच पाहावे. केस ज्या ठिकाणी तारेत किंवा प्लास्टिकच्या गाभ्यात रोवलेले असतात तेथे, वरून पांढरा दिसणाऱ्या ब्रशातही, पिवळट चिकट थर साचतो; आणि ओला ब्रश तसाच खोवल्यामुळे त्याच्या पात्राच्या तळाशी काळपट पाणी उभे राहते, ज्यात दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बुडतो. म्हणून काम झाल्यावर टाकीच्या वाहत्या पाण्यात त्याला खळबळून घ्यावे, बैठकीखाली दांडा अडकवून भांड्यावरच निथळू द्यावे. आठवड्यातून एकदा ब्रश आणि त्याचे पात्र दोन्ही ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून, धुऊन, मागच्या अंगणात उन्हात ठेवावी. आणि केस फाकले की मोह न धरता तो बदलावा. मात्र शौचकूप धुण्याचे आम्लयुक्त द्रव्य आणि ब्लीचिंग ही कदापि एकत्र करू नयेत, कारण त्यांच्या संयोगाने क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. त्या बारा तत्त्वांत ज्ञानाचे नाव पहिले आहे, याचे महत्त्व मला येथे पटते.

कोणी म्हणेल, ब्रश धुणारा हातही मग धुवावा लागेल, हात धुणारे पात्रही, आणि या परंपरेला अंत नाही. नैयायिक याला अनवस्था म्हणतील. परंतु हा दोष तेव्हाच लागू पडतो जेव्हा शुद्धी म्हणजे कुठेतरी साठवून ठेवलेला परमपवित्र पदार्थ आहे असे आपण गृहीत धरतो. शुद्धी ही क्रिया आहे. ती संपत नाही, तशी भूकही संपत नाही, आणि त्यामुळे स्वयंपाक व्यर्थ ठरत नाही.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आपल्यास मिळावे अशी मागणी केली. ते काम ठराविक जातीच्या कैद्यांकडेच सोपविण्याचा दस्तुर असल्याने ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्नत्याग आरंभिला, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून उपवास केला. किळस वाटणे स्वाभाविक आहे, पतंजलींनी तर शौचाच्या फलांत स्वतःच्या देहाविषयीची जुगुप्साही गणली आहे; पण ती स्वतःच्या देहाविषयी, दुसऱ्याच्या हाताविषयी नव्हे. अप्पासाहेबांनी ती किळस नाकारली नाही, तिचा भार दुसऱ्यावर टाकण्याचे नाकारले. गृहस्थाने स्वतःचा ब्रश स्वतः धुणे हे त्याच मार्गावरचे फार लहान पाऊल आहे, परंतु ते घरच्या घरी, आजच, टाकता येते. आणि सफाईसाठी येणाऱ्या माणसाच्या हाती कालचा मळ जात नाही.

आमच्या घरी ही पाळी मुलांकडेही जाते. ब्रश धुतल्यावर स्नान केल्यावाचून देवघरात पाऊल टाकू नये असे माझ्या मातोश्रींचे मत आहे. साबणाने हात धुणे पुरेसे आहे हे माझे म्हणणे त्यांना पटलेले नाही, आणि एवढ्या वर्षांच्या आचाराला युक्तिवादाने मोडावे असे मलाही वाटत नाही. त्यांच्या शब्दाला मान देऊन रविवारचे हे काम आम्ही पूजेपूर्वी, स्नानाच्या आधी उरकतो.