नकाशांची साक्ष

गणिताच्या पदवीवर्गांत ‘डिफरन्शिएबल मॅनिफोल्ड’ या विषयाशीं ज्यांची ओळख होते, त्यांस आरंभींच एक गोष्ट मान्य करावी लागते. गोलाचा सबंध पृष्ठभाग, कोठेंहि न फाडतां, एका सपाट कागदावर उतरत नाहीं. निदान दोन नकाशे लागतात. आणि जो प्रदेश दोहोंत आला असेल तेथें एकावरून दुसऱ्यावर जातांना कोठें खंड वा कोंपरा पडतां कामा नये. १८५४ सालीं रीमाननें गटिंगेन येथें दिलेल्या व्याख्यानांत या विचाराचें बीज आहे. बाहेर उभा राहून वस्तु न्याहाळणारा कोणी येथें गृहीतच धरलेला नाहीं.

मग नकाशे परस्परांशीं जुळले एवढ्यानेंच वस्तूचें स्वरूप निश्चित झालें काय? न्यायालयांत, इतिहासांत, फार काय घरच्या तंट्यांतहि आपण बहुधा साक्षींच्या जुळणीवरच समाधान मानतों. तीन परिमाणांपर्यंत ही कसोटी पुरते. तेथें एका आकृतीचे सर्व नकाशासंग्रह अखेर एकरूप ठरतात. पण १९५६ सालीं जॉन मिल्नर यांनीं सात परिमाणांच्या गोलाचे असे संग्रह दाखविले, कीं प्रत्येक आपल्या ठायीं निर्दोष, परंतु एकाचें दुसऱ्यांत सुरळीत रूपांतर अशक्य. (दिशेचा भेद धरल्यास असे प्रकार २८ भरतात!)

यावरून सत्येंच अनेक आहेत असें म्हणण्यास कित्येक उतावीळ होतील. आम्हांस तें पटत नाहीं. प्रत्येक संग्रहांत न जुळणारा नकाशा बादच होतो. आणि संग्रह भिन्न आहेत हें ज्या सिद्धतेनें ठरलें, ती त्यांतल्या कोणा एकाची बाजू घेत नाहीं.