रेषेतला दाब

केक सजवणाऱ्या मंडळींत एक वाद कायमचा वस्तीला आला आहे. कुणी फॉन्डंटची नाजूक जाळी लावलेला केक पुढे ठेवला, की पहिली चौकशी चवीची होत नाही. 'हाताने कापलंस की मशीनने?' अशी होते. 'मशीनने' म्हटलं की कौतुक निम्म्यावर येतं. 'हाताने' म्हटलं की एखादी हिशेबी मैत्रीण विचारते, 'एवढे तास घालवून तुला सुटतं काय?' मला या दोघींचंही म्हणणं अर्धवट वाटतं. का, ते सांगण्याआधी त्या मशीनकडे जरा जवळून पाहायला हवं.

अमेरिकेतल्या युटा राज्यातली प्रोव्हो क्राफ्ट ही कंपनी कागद कापणारं 'क्रिकट' नावाचं यंत्र विकायची. (आता कंपनीचंच नाव क्रिकट आहे.) २०१० मध्ये तिने खास केकसाठी 'क्रिकट केक' बाजारात आणलं. रचना साधी होती. चिकट मॅट रुळांमधून मागेपुढे सरकते आणि वरचं छोटं पातं डावीउजवीकडे धावतं. पात्याचं टोक त्याच्या अक्षापासून किंचित बाजूला असतं, त्यामुळे ते जिकडे ओढलं जाईल तिकडे आपोआप वळतं. कागदावर हे झकास चालतं. फॉन्डंट मात्र साखर, ग्लुकोज, जिलेटिन आणि ग्लिसरीन यांचा मळलेला मऊ गोळा. पातं कोपऱ्यावर वळतं तेव्हा तोही पात्यामागे ओढला जातो, आणि गुलाबाच्या पानाचं टोक लोंबतं.

मग उपाय सुरू होतात. फॉन्डंट दीडेक मिलिमीटर जाडीचा लाटायचा. मॅटला वनस्पती तुपाचा पुसट हात द्यायचा. जास्त झाला तर पोळी घसरते, कमी झाला तर चिकटून बसते. थोडा वेळ उघड्यावर ठेवून वरची कातडी धरू द्यायची, मग मॅटसकट फ्रीजरमध्ये. कडक झाली की कापायची, कापून झाली की परत फ्रीजर, आणि मग पातळ सुरीने एकेक तुकडा सोडवायचा. हे सगळं मुंबईत जुलै महिन्यात करून पाहावं. साखर हवेतला ओलावा ओढून घेते. थंडगार तुकडा बाहेर आला की त्याला मिनिटभरात घाम फुटतो आणि जाळीच्या रेघा एकमेकींत विरघळायला लागतात. गोळा घट्ट करणारं टायलोज किती घालायचं, गोळा किती वेळ मुरू द्यायचा, पंखा लावायचा की नाही, हे कुठल्याही बटणावर लिहिलेलं नसतं. साखरेची पारख ज्यांना आधीपासून होती त्यांनाच ते मशीन वश झालं. बाकीच्यांचं कपाटात गेलं, आणि कंपनीनेही पुढे ते मॉडेल बंद केलं.

म्हणजे 'मशीन म्हणजे फसवणूक' हा आरोप टिकत नाही. हस्तकलेच्या कैवाऱ्यांनी स्वतःच्या खणात एकदा डोकावावं. तिथे पाकळ्यांचे कटर असतात, पानावर शिरा उठवणारे ठसे असतात, सिलिकॉनचे साचे असतात. वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळला काजूचं मार्झिपॅन रबरी साच्यांत दाबून फुलंफळं काढतात, आणि ती हातची नाहीत असं कुणी म्हणत नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइन शिकवणाऱ्या डेव्हिड पाय यांनी १९६८ सालच्या 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' या पुस्तकात हात विरुद्ध यंत्र ही विभागणीच निकामी ठरवली. त्यांनी दुसरी सुचवली: जोखमीची कारागिरी आणि खात्रीची कारागिरी. काम चालू असताना शेवटच्या क्षणापर्यंत ते बिघडू शकतं, तिथे जोखीम. सुरुवात करण्यापूर्वीच निकाल ठरलेला असतो, तिथे खात्री. या मापाने पत्र्याचा कटर आणि संगणकाला जोडलेलं पातं एकाच पंक्तीत बसतात. फरक असलाच तर आकारांच्या संख्येचा. कटर वापरणारीने मशीनवालीला नावं ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. मशीनचे पुरस्कर्ते म्हणतात, हात जे करत होता तेच यंत्र जलद आणि नीट करतं, मग हात कशाला? इथे त्यांची गफलत होते. केकवर हाताची खरी करामत कापण्यात कधी नव्हतीच. ती दाबात आहे.

रॉयल आयसिंगचं दोरकाम ज्यांनी जवळून पाहिलं असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. अंड्याचा पांढरा बलक आणि आयसिंग शुगर फेटून ते मिश्रण तयार होतं. साखर बारीक कापडातून चाळलेली लागते, कारण शून्य नंबरच्या नोझलच्या भोकात एक खडा अडकला की सगळं थांबतं. पायपिंग बॅग दाबून टोक केकच्या कडेला टेकवायचं, आयसिंग चिकटलं की बॅग बाहेर ओढायची आणि दाब तसाच चालू ठेवायचा. साखरेचा केसासारखा धागा हवेत लोंबतो. कमान आपण काढत नाही, ती धाग्याचं वजन काढतं; किती धागा सोडायचा आणि कुठल्या क्षणी पुढच्या टोकाला टेकवायचा, एवढंच आपल्या हातात. बॅगेत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी धागा तुटतो. तुटला की तो तुकडा ओल्या कुंचल्याने पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. बोटांना मिश्रणाचा घट्टपणा आधी कळतो, डोळ्यांना नंतर. जोसेफ लॅम्बेथ यांचं १९३४ सालचं पुस्तक या शाखेत आजही मानलं जातं. त्यांच्या पद्धतीत एक रेघ वाळली की तिच्यावर त्याहून बारीक दुसरी, मग तिसरी, अशी चढत्या क्रमाने उंची आणतात. अशा प्रत्येक रेषेत सुरुवातीचा जोर, मधला ओघ आणि शेवटची सोडवणूक दिसते. कापलेल्या कडेत यातलं काही नसतं, कारण कापताना पात्याला निवड करायची वेळच येत नाही.

पुण्याच्या प्राची धबल देब यांचं नाव इथे येणं साहजिक आहे. रॉयल आयसिंगची विद्या त्या इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे शिकल्या. ब्रिटिश राजघराण्याच्या केकवर ज्यांचा हात फिरला ते हे गुरू. पण अंड्याचा केक आपल्याकडच्या अनेक घरांत चालत नाही, म्हणून प्राची यांनी अंड्याविना चालणाऱ्या रॉयल आयसिंगवर भर दिला. २०२२ मध्ये त्यातूनच मिलान कॅथेड्रलची सुमारे १०० किलोंची प्रतिकृती उभी केली आणि लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली. विक्रमाचं मला फारसं अप्रूप नाही, विक्रम हा प्रकारच जरा बटबटीत असतो. पण हातात पायपिंग बॅग धरणाऱ्या बाईने पदार्थाचा पायाच बदलून घेतला, ही गोष्ट मला मोठी वाटते. बलक काढून टाकला की धाग्याची ताकद बदलते, वाळण्याचा वेळ बदलतो. तो बदल ज्या बोटांना जाणवतो, त्यांनाच त्यावर इलाज सुचतो.

कुणी म्हणेल, आज नाही तर उद्या यंत्र दाबही शिकेल. शिकेलही. साखर थरावर थर चढवून आकार छापणारे प्रिंटर आले त्यालाही दहा वर्षं उलटून गेली; लॉस एंजेलिसच्या शुगर लॅबला थ्रीडी सिस्टिम्सने २०१३ मध्येच विकत घेतलं होतं. माझा मुद्दा यंत्राला काय जमेल हा नाही. यंत्र आल्यावर आपण काय मागायला लागतो, त्याची मला जास्त काळजी आहे.

गेल्या काही वर्षांतले केक आठवून पाहा. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी ओव्हन तापले आणि प्रत्येक सोसायटीत दोन-तीन होम बेकर तयार झाल्या. त्यांच्यातल्या कित्येकींकडे आज कटिंग मशीन आहे, आणि त्यावर फॉन्डंट क्वचितच कापला जातो. कापला जातो तो चकचकीत कार्डपेपर. 'हॅपी बर्थडे अन्वी', मागे सोनेरी चंद्र, बाजूला दोन फुलपाखरं. याला टॉपर म्हणतात. व्हॉट्सॲपवर ग्राहकाने पाठवलेल्या फोटोत टॉपर असतो, केक असतो तो त्याला उभं करायला. क्रीमचा नुसता गुळगुळीत थर दिला की भागतं. यंत्राने पायपिंगशी स्पर्धा करून तिला हरवलं असं घडलंच नाही. त्याला सपाट आकार जमत होते, तेव्हा सपाट आकारांची आवड वाढली. पायपिंग जुनाट दिसू लागली आणि शिकणाऱ्या मुली ती शिकेनाशा झाल्या. (त्या चकचकीत कागदाची चमकी खाण्यालायक नसते आणि ती क्रीमवर झडते, हे जाता जाता. काल व्हिनाइल कापलेल्या पात्याने आज फॉन्डंट कापणाऱ्याही आहेत. खाण्याच्या कामाचं पातं आणि मॅट वेगळीच हवी.)

मालकीचा प्रश्नही आहेच. क्रिकटची सुरुवातीची यंत्रं कंपनीच्या कार्ट्रिजवर चालायची. त्या कार्ट्रिजमध्ये भरलेले आकार तेवढे कापायचे. बाहेरच्या सॉफ्टवेअरने स्वतःचं चित्र कापायची सोय दिली, तेव्हा कंपनी त्या सॉफ्टवेअरवाल्यांविरुद्ध कोर्टात गेली. मार्च २०२१ मध्ये तिने जाहीर केलं की पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला वीसच चित्रं चढवता येतील. यंत्र आधीच विकत घेतलेल्या लोकांनी एवढा आरडाओरडा केला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. तो मागे घेतला हे चांगलंच झालं. पण जो घेतला जाऊ शकतो तो पुन्हाही घेतला जाऊ शकतो. मनगटात मुरलेली रेघ कुठल्याही कंपनीला महिन्याच्या हप्त्यावर टाकता येत नाही.

तरीही मशीन फेकून द्या असं मी म्हणणार नाही. संधिवाताने बोटं वाकलेल्या बाईला, रात्री दोन वाजता एकटीने तीन मजली केक पुरा करणाऱ्या मुलीला, एकसारख्या चाळीस चांदण्या हाताने काप म्हणून सांगणं म्हणजे निव्वळ सोवळेपणा. अक्षरं, चौकटी, एकाच मापाचे पुनःपुन्हा येणारे आकार यांत हाताची जोखीम काही भर घालत नाही, फक्त वेळ खाते. ते काम यंत्राकडे खुशाल जावं.

कुठली जोखीम सोडायची हे आपण ठरवलं नाही, तर ते परस्पर ठरतं. मराठी घरांना याचा अनुभव आहे. संक्रांतीच्या हलव्याचे दागिने ही आपली स्वतःची साखरेची कला. तिच्यातलं कठीण काम म्हणजे काटा आणणं. मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी अखंड फिरवत राहायचं. आच वाढली तर दाणे एकमेकांना चिकटतात, पाक जास्त पडला तर काटा बसतो, थंडी नसेल तर तो नीट येतच नाही. आज दागिने करणाऱ्या बहुतेकजणी तयार हलवा विकत आणतात आणि तो ओवून, चिकटवून मुकुट, बाजूबंद, नथ सजवतात. ओवणंही हातकामच आहे, त्यात सुबकपणा लागतो. पण पाकाची जोखीम कधी हातावेगळी झाली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण दागिन्यांवर 'हाताने बनवलेले' ही पाटी तशीच राहिली. पहिल्या संक्रांतीला सुनेच्या गळ्यातला हार बघून काटा कुणी पाडला असं विचारणारी सासूही आता विरळाच.

म्हणून केकच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या बायकांकडे माझं एकच मागणं आहे: क्रम उलटा करू नका. आज अनेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात मशीनवर फाइल कशी उघडायची ते शिकवतात, कारण विद्यार्थिनीला लगेच फोटो टाकण्याजोगं काहीतरी मिळतं. पायपिंगचा पहिला महिना निराशेचा असतो. रेघा थरथरतात, शंखाचं शेपूट तुटतं, कागदावर ओळीच्या ओळी भरून पुसाव्या लागतात. त्या निराशेतच मिश्रण ओळखायची बोटं तयार होतात, आणि पुढे मशीनवर फॉन्डंट ओढला जायला लागला की कुठे चुकलं हे त्या बोटांनाच समजतं. आधी यंत्र शिकलेलीला त्याच वेळी नवं पातं मागवावंसं वाटतं.

आणि बिलात दोन ओळी हव्यात. कापकामाचे पैसे घ्यायचे ते डिझाइनचे, यंत्राच्या झिजेचे आणि साखर सांभाळल्याचे. पायपिंगचे घ्यायचे ते तासांचे. दोन्ही एकाच आकड्यात कोंबून 'हँडमेड' लिहिलं, की बॅग धरणारीचा दर मशीनवालीच्या दराला येऊन मिळतो आणि तिला बॅग खाली ठेवावी लागते. ग्राहक एवढं वाचतो कुठे, असं मला नेहमी सांगितलं जातं. वाढदिवसाच्या अर्ध्या किलोला नसेल वाचत. पण लग्नाच्या केकचं बिल मुलीचा काका चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतो, आणि 'पायपिंग, अकरा तास' यावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारतो. तेव्हा त्याला केकपाशी नेऊन ती कड दाखवावी.