देवाची भाषा आणि भगताचा थाळ

देवाला अमुक एक भाषा कळते आणि दुसरी कळत नाही असे कोणताही धर्म उघडपणे म्हणत नाही. तरीही बहुतेक धर्मांनी उपासनेसाठी एखादी भाषा राखून ठेवलेली असते आणि ती बदलण्याचा प्रश्न निघाला की वाद पेटतो. मराठीने हा वाद फार पूर्वी अनुभवला आहे. ज्ञानेश्वरांची गीताटीका १२९० मध्ये सिद्ध झाली आणि एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली ओवीबद्ध टीका १५७३ मध्ये पुरी केली, तीही संस्कृत पांडित्याचे माहेरघर असलेल्या काशीत. संतांचा निर्वाळा थोडक्यात असा, की भाषेचा अभिमान माणसाला असतो, देवाला नसतो, आणि अर्थ पोचला की वाणी कोणती होती हे विचारण्याचे कारण उरत नाही. हा निर्वाळा उदार आहे आणि त्याच्याच बळावर मराठी ही धर्माची भाषा झाली. मात्र तो कितपत पुरतो हे पाहायचे तर ज्या उपासनेत सांगण्यासारखे तत्त्वज्ञान थोडे आणि करण्यासारखे पुष्कळ असते, अशा उपासनेकडे वळावे लागते. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील कळवण तालुक्यात, गिरणेच्या उगमाकडच्या डोंगरपट्ट्यात, अशी उपासना आजही होते.

कळवण हा आदिवासीबहुल तालुका असून आदिवासी विकास विभागाचे एक प्रकल्प कार्यालय कळवण येथेच आहे. येथील आदिवासींत कोकणा हा एक प्रमुख समाज. अनुसूचित जमातींच्या यादीत त्याचे नाव कोकणा, कोकणी, कुकणा असे तिहेरी येते आणि गुजरातेत त्यालाच कुंकणा म्हणतात. आपले पूर्वज कोकणातून घाट चढून वर आले अशी या समाजाची समजूत आहे. तथापि गोव्याच्या कोंकणीशी या समाजाच्या भाषेची गल्लत करणे चूक आहे, आणि ती गल्लत शिकलेली माणसेही सर्रास करतात. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, बागलाण हे आसपासचे तालुके आणि सरहद्दीपलीकडचे डांग, धरमपूर एवढ्या मुलखात ही बोली पसरलेली आहे. तिच्यावर मराठीची छाया आहे, गुजरातीची आहे आणि अहिराणीचीही आहे, त्यामुळे तिला कोणाच्या पदरात टाकावे याबद्दल भाषाशास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.

मार्गशीर्षात या पट्ट्यात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. या देवाला देऊळ नाही आणि घडवलेली मूर्तीही नाही. डोंगर हाच देव, आणि त्याच्या कपारीतली गुहा हे त्याचे ठिकाण. गावात एक जागा सारवून, मधोमध थोंब रोवून ती पवित्र केली जाते. या जागेला खळी म्हणतात. शेतकऱ्याच्या खळ्याशी तिचे नाते शब्दातच दिसते. व्रत धरणाऱ्यांना माऊल्या म्हणतात. उत्सवाचे दिवस ते अनवाणी राहतात, ब्रह्मचर्य पाळतात, दारोदार जाऊन धान्य मागतात आणि रात्री पावरी या फुंकवाद्याच्या सुरावर, टापऱ्यांच्या ठेक्यावर खळीभोवती फेर धरून नाचतात. नाचता नाचता कोणाच्या अंगात वारे येते. मग भगत, म्हणजे देव आणि गाव यांच्यामध्ये उभा राहणारा जाणता माणूस, त्या वाऱ्याशी बोलतो: कोण आलास, कोठून आलास, काय हवे, असे विचारतो आणि उत्तरे ऐकतो. पौर्णिमेच्या सुमारास सगळे डोंगराकडे जातात, आणि गुहेशी दिवे लावून, रात्र जागवून देवाचा निरोप घेतात.

येथे एक प्रश्न सहज विचारता येईल. आश्रमशाळेत शिकलेल्या, घराबाहेर मराठीच बोलणाऱ्या तरुणाच्या अंगात वारे आले, तर ते कोणत्या भाषेत बोलणार? शहरातल्या वाचकाला हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण भगताच्या दृष्टीने तो कामाचा आहे, कारण वाऱ्याची ओळख पटते ती त्याच्या बोलण्यावरूनच.

उत्सवाइतकीच महत्त्वाची, पण बाहेरच्यांच्या नजरेत सहसा न भरणारी दुसरी गोष्ट म्हणजे थाळकथा. काशाची थाळी घ्यायची, तिच्या मध्यभागी मधमाशीच्या मेणाचा गोळा दाबून त्यात एक बारीक, सरळ काडी उभी करायची आणि बोटांच्या चिमटीत ती काडी वरून खाली निरपत आणायची. काडीचा कंप मेणातून काशात उतरतो आणि थाळीतून एक सलग घुमणारा, मध्येच न तुटणारा नाद निघतो. कथा सांगणारा त्या नादावर आपला आवाज टेकवतो, एक ओळ म्हणतो, आणि शेजारी बसलेला साथीदार ती झेलतो. पीक घरात आल्यावर किंवा मृताच्या दिवसकार्याच्या रात्री अशी कथा लागते ती पहाटेपर्यंत चालते. कनसरी ही तिची लाडकी नायिका. ती धान्याची देवी असून नावातले कणीस कोणालाही ऐकू येईल. हीच थाळी एरवी भाकरीची असू शकते. मेण लागले की ती वाद्य होते आणि मेण खरवडून काढले की पुन्हा थाळी.

या कथेचे मराठी भाषांतर करता येते, आणि कथानक म्हणून ते वाचनीयही होईल. पण ते भाषांतर थाळीवर म्हटले तर दिवसकार्य पार पडले असे घरचे लोक मानतील काय? बहुधा मानणार नाहीत, आणि त्यांच्या या नकारामागे एक तत्त्वविचार आहे. जैमिनीच्या पूर्वमीमांसेने, म्हणजे यज्ञविधीचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, हाच विचार शास्त्र म्हणून मांडला. विधीत ज्या शब्दाने देवता सांगितली आहे त्याच शब्दाने आहुती द्यावी, उदाहरणार्थ अग्नीऐवजी त्याचा पर्यायी शब्द वापरू नये, कारण यज्ञातली देवता ही शब्दाबाहेर कोठेतरी बसलेली शरीरधारी व्यक्ती नसून विधीतल्या शब्दानेच ती सिद्ध होते, असे मीमांसकांचे म्हणणे आहे. शब्द हा येथे निरोप्या नाही, तो स्वतःच कर्म आहे. संतांच्या मताशी हे मत सरळ विरोधी जाते. ज्या वैदिक कर्मकांडाशी कोकणा भगताचा काडीचाही संबंध आला नाही, त्याच्या भाष्यकारांच्या पंगतीला तो आपोआप जाऊन बसतो आणि वारकरी कीर्तनकार मात्र समोरच्या बाजूला राहतो, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अर्थात हे साम्य फार ताणून चालणार नाही. मीमांसकाला स्वरसुद्धा बदललेला खपत नाही, तर थाळकथा प्रत्येक रात्री वेगळी होते. गावचा डोंगर, यंदाचा पाऊस, मेलेल्या माणसाची घरदारे असे सगळे तिच्यात शिरते. तिच्यात पाठ स्थिर नाही, भाषा स्थिर आहे. म्हणजे जे पवित्र मानले गेले ते ठरीव शब्द नसून त्या क्षणी नवे शब्द जुळवण्याची ताकद आहे, आणि ही ताकद त्या भाषेत वाढलेल्या माणसापाशीच असते. ग्रंथावर उभ्या असलेल्या धर्माची भाषा मेली तरी पाठ उरतो, संस्कृताने हे दाखवून दिले आहे. थाळकथेची भाषा गेली तर पाठ करायलाही काही उरणार नाही.

भाषा आणि उपासना यांची ही गाठ राज्यकर्त्यांना सहसा दिसत नाही, आणि ती न दिसल्याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण आग्नेय युरोपात सापडते. उस्मानी साम्राज्य कोसळल्यावर १९२३ मध्ये लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला, त्यात कोणी कोठे जायचे हे भाषेवरून नव्हे तर धर्मावरून ठरले. परिणामी अनातोलियातले कारामानली ख्रिस्ती, जे घरात तुर्की बोलत आणि प्रार्थनेची तुर्की पुस्तके ग्रीक लिपीत छापत, ग्रीसला पाठवले गेले; आणि क्रीट बेटावरचे मुसलमान, ज्यांची मातृभाषा ग्रीक होती, तुर्कस्तानात जाऊन पडले. दोघांचाही धर्म शाबूत राहिला. पण कारामानल्यांची तुर्की प्रार्थना ग्रीसमध्ये दोन-तीन पिढ्यांत ओसरली. उलट ईशान्य बल्गेरियातील देलिओर्मान या भागात राहिलेल्या अलेवी-बेक्ताशी तुर्कांनी, म्हणजे मशिदीपेक्षा पिरांच्या समाधीस्थानांना अधिक मानणाऱ्या पंथीयांनी, आपली भक्तिगीते अरबीत नव्हे, तुर्कीतच गायली. १९८४-८५ मध्ये तेथील सरकारने तुर्कांची नावे सक्तीने बदलली आणि १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले, तरी ही गीते संपली नाहीत. त्या गीताला नेफेस म्हणतात, आणि नेफेस या शब्दाचा अर्थ श्वास. कळवणच्या खळीवर जे येते त्याला वारे म्हणतात, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

सरहद्दीने एका भाषेला दोन लिप्या द्याव्यात हा प्रकार मात्र इतका दूरचा नाही. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला आणि कोकणा समाजाची मुले एका बाजूला देवनागरीत तर दुसऱ्या बाजूला गुजराती लिपीत शिकू लागली. डाह्याभाई वाढू यांनी गोळा केलेल्या कुंकणा कथा गुजराती लिपीत आहेत. कळवणच्या वाचकाला भाषा आपली आणि अक्षरे परकी असा तो अनुभव आहे. २०११ च्या जनगणनेत अहिराणी आणि डांगी यांची गणना खानदेशीखाली झाली, तर कोकणा मातृभाषा सांगणाऱ्यांची भिली गटाखाली. आणि ज्यांनी शाळेच्या सवयीने मराठी सांगितले ते मराठीत जमा झाले. नोंदीतली ही विषमता जुनीच आहे. शेजारच्या बागलाणात मुल्हेरच्या राजांच्या आश्रयाने रुद्रकवीने १५९६ मध्ये राष्ट्रौढवंश हे संस्कृत महाकाव्य रचले, ते १९१७ मध्ये बडोद्याच्या ग्रंथमालेत छापलेही गेले. ते वाचणारे आज किती असतील हा प्रश्नच आहे, पण ते आहे. त्याच काळी त्याच डोंगरांत ज्या थाळ्या घुमत असतील, त्यांचा कागद नाही.

यावरून जतनाचा विचार निघाला की शुद्ध, मूळ स्वरूप शोधण्याची हौस जागी होते, आणि तिच्यापासून सावध राहणे बरे. कळवण तालुक्यातच सप्तशृंग गडावर २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप शास्त्रीय पद्धतीने काढण्यात आला आणि खालची कोरीव मूर्ती प्रकट झाली. पाषाणाच्या बाबतीत लेप आणि मूळ असे दोन भाग पाडता येतात. बोलीच्या बाबतीत ते पडत नाहीत. कोकणा कथांत राम-रावण येतात, बोलण्यात बागलाणी वळणे येतात, म्हणून तो सारा शेंदूर समजून खरवडू गेल्यास हाती काही लागणार नाही, कारण तेथे लेपच मूर्ती आहे.

संतांनी दिलेला न्याय मराठीने संस्कृताकडून मागून घेतला, आणि पुढे शाळा, कचेरी, आकाशवाणी यांच्या बळावर ती स्वतः संस्कृताच्या जागी जाऊन बसली. देवाला सगळ्या भाषा सारख्या, हे वाक्य धाकट्या भाषेने म्हटले तर तो हक्क असतो आणि थोरल्या भाषेने म्हटले तर ती सबब होते. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये मराठीत आला, तेव्हा अशा बोलींना निदान छापील ओळख मिळाली. आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत पावरी वाजते, तिचे चित्रीकरणही होते. हे सारे चांगलेच आहे. परंतु चित्रीकरणात दिवसकार्य होत नाही, आणि वाऱ्याला प्रश्न विचारणारा भगत पडद्यावरून उत्तर घेत नाही. आश्रमशाळेच्या पहिल्या वर्गांत कोकणा बोलणारा शिक्षक असणे आणि एखाद्या जाणत्या कथकऱ्याजवळ दोन मुलांनी सलग काही हिवाळे बसणे, एवढ्याने जे साधेल ते संग्रहालयाने साधणार नाही. जनगणनेचा कागद पुन्हा दारात येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात प्रगणकाने सांगणारा सांगेल तेच नाव लिहायचे असते; कळवणच्या पाड्यांवरील घरांनी ते नाव कोकणा असे सांगावे.