आजचे चिंतन : न दाबलेलं बटण

॥ श्रीराम ॥

आज वाचनात गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक आला. भगवंत सांगतात, हातपाय आवरून बसला पण मनात विषयच घोळवत राहिला, तर त्या माणसाचं आवरणं खोटं. वाचताना एकदम एक जुनी वेबसाइट आठवली.

२००५ च्या सुमारास अलेक्स फ्रँक या जर्मन डिझायनरने 'डोन्टक्लिक.इट' नावाची साइट केली होती. नियम एकच, माउसचं बटण दाबायचं नाही. बाण नुसता वर नेला की पुढचं उघडायचं. सवयीने क्लिक झालंच, तर साइट लगेच टोकायची. तेव्हा नुसती गंमत वाटली होती. आज वाटतं, क्लिक हा आपला केवढा आधार! "मी फक्त बघितलं, केलं काहीच नाही," असं म्हणायची सोय त्यात आहे.

नजरेवर चालणाऱ्या संगणकात ती सोय नाही. ज्यांचे हात चालत नाहीत, ते डोळ्यांनी एकेक अक्षर निवडतात. पण नजर पडेल ते सगळंच उघडायला लागलं तर? संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये या अडचणीला मिडास राजाचं नाव दिलं. ग्रीक कथेतला हा राजा हात लावील त्याचं सोनं व्हायचं, अगदी ताटातल्या अन्नाचंही. यावर एक उपाय असा, की नजर थोडा वेळ एका जागी थांबली तरच ती निवड धरायची. ओझरती नजर माफ. रेंगाळली, तर तो होकार.

दुसऱ्या अध्यायातली उतरंडही इथूनच सुरू होते ना? विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, मग क्रोध.

आता माझंच सांगतो. धाकट्या भावाला लिहिलेला एक कडवट मेसेज गेले कित्येक दिवस फोनमध्ये पडून होता. पाठवला नाही, म्हणून मी स्वतःला संयमी समजत होतो. पण रोज रात्री तो उघडायचो, एखादा शब्द आणखी धारदार करायचो. परवा त्याचा फोन आला, तर "कामात आहे" म्हणून ठेवून दिला. मेसेज गेला नव्हता, तरी पोचला होता.

न पाठवणं अगदीच फुकट गेलं, असं नाही. ते शब्द तरी त्याला वाचावे लागले नाहीत. आणि मनात येणारा प्रत्येक विचार म्हणजे पाप, असंही नाही. विचार येतो, तो आपल्या हातात नसतो. त्याला पाट मांडून बसवायचं की नाही, हे मात्र आपल्याच हातात. नजर पडणं आणि नजर थांबणं यांच्यामध्ये जी फट आहे, साधना तिथेच करायची.

मेसेज आज पुसला. आता भावाला फोन करतो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥